आठनं भागा, काका

मी कऱ्हाडात लग्नांचं शूटिंग करतो. एडिटिंग कोल्हापूरला होतं. पूर्वी लग्न लागलं की मेमरी कार्ड पाकिटात घालायचो, वर एडिटरचा फोन नंबर लिहायचो आणि पाकीट ओळखीच्या कंडक्टरच्या हाती सोपवायचो. दोन तासांत ते कोल्हापूर स्टँडवर एडिटरला मिळायचं. मग दुकानात फायबर आलं. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘अपलोड-डाउनलोड दोन्ही १०० एमबी स्पीड’. एसटीच्या वेळा पाळण्याची कटकट संपली, असं वाटलं.

त्या दिवशी लग्न सकाळी होतं आणि रात्री आठला रिसेप्शन. रिसेप्शनमध्ये सकाळच्या लग्नाची छोटी फिल्म दाखवायचा शब्द मी मुलीच्या वडिलांना दिला होता. पाऊण वाजता भरलेलं ६४ जीबीचं कार्ड घेऊन दुकानात आलो. हाताखालचा पोरगा म्हणाला, “एकच्या गाडीला देऊन येऊ का?” मी तोंडी हिशेब केला. ६४ जीबी म्हणजे ६४ हजार एमबी, भागिले १००, म्हणजे ६४० सेकंद. “गाडी कशाला? तुझा डबा खाऊन होईपर्यंत पोचतंय.”

त्याचा डबा संपला, हात धुऊन झाले, तरी पट्टी जेमतेम सरकलेली. स्क्रीनवर वेग दिसत होता ११.३ एमबी. शंभराचे पैसे घेऊन अकरा! पावणेदोनपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग रागाच्या भरात ट्रान्सफर बंद करून लाइनवाल्या पोराला फोन लावला. “अकराची लाइन देऊन शंभराचं बिल लावतोस होय?”

तो बिचारा दहा मिनिटांत हजर. त्याने स्पीड टेस्ट मारली. आकडा आला जवळपास ९५. मग माझ्या स्क्रीनवरच्या अकराकडे बघून म्हणाला, “दोन्ही बरोबर आहेत. आठनं भागा, काका.”

पत्रकातले शंभर होते मेगाबिट आणि माझा प्रोग्राम दाखवत होता मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटची लाइन सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट वाहून नेणार. लाइन चोख होती, भागाकार माझा चुकला होता. वर निम्म्याहून जास्त गेलेलं कार्ड मीच थांबवलं होतं, ते पुन्हा पहिल्यापासून पाठवावं लागलं. साडेतीनच्या सुमारास ते पोचलं. एकची एसटी त्याआधीच कोल्हापूरला लागली होती. फिल्म रिसेप्शनला आली, पण निम्मे पाहुणे जेवून गेल्यावर.

साडेबाराचे सव्वाअकरा का झाले, हे मनातून जाईना. आमच्या गल्लीत टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी ओट्यावर बसून उलगडून सांगितलं. फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते आणि प्रत्येक तुकड्याला पत्त्याचा लिफाफा लागतो. तारेवरून १५३८ बाइट गेले, तर त्यात माझा माल १४६० बाइटांचा. पाचेक टक्के तिथे गेले. शिवाय टेलिफोनवाल्यांचा हजार म्हणजे सरळ १०००, माझ्या संगणकाचा १०२४. म्हणूनच तर ६४ जीबीचं कार्ड संगणकाला लावलं की ५९.६ दिसतं. दोन्ही वजावटी केल्या की बरोबर ११.३ उरतात.

“पण तुम्ही लोक बिटातच का मोजता?” मी विचारलं. ते म्हणाले, तारेतून एकामागून एक बिटच धावतात. बाइट ही साठवणाऱ्याची मोजणी. एका बोलण्याचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून ६४ किलोबिटचा एक चॅनल. असे ३२ एकत्र केले की २०४८ किलोबिट. त्यातले ३० बोलण्यासाठी, उरलेले दोन जुळवाजुळवीसाठी. “आणि गंमत ऐक,” काका हसले, “ती लाइन दोन मेगाबिटची, पण आम्ही सगळे तिला आयुष्यभर ‘टू एमबी’च म्हणत आलो.”

त्यांनी आणखी एक हिशेब करायला लावला. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटची लाइन ब्रॉडबँड ठरत होती. आठनं भागलं की सेकंदाला ३२ किलोबाइट. त्या वेगानं माझं एक कार्ड कोल्हापूरला जायला तेवीस दिवस लागले असते. घरी येऊन मी एसटीचाही वेग काढला. ६४ जीबी म्हणजे ५१२ अब्ज बिट, वेळ दोन तास : सेकंदाला ७१ मेगाबिट. पाकिटात दोन कार्डं घातली, तर लाल डबा माझ्या फायबरला मागे टाकतो!

इंग्रजीत हा फरक एका अक्षरावर उभा आहे : छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आपल्या लिपीत छोटा-मोठा बी नाहीच. ‘एमबी’ लिहिलं की दोन्ही एकच. म्हणून मराठीत पत्रक छापणाऱ्यांना माझी विनंती आहे : ‘मेगाबिट’ असं पूर्ण छापा. आणि लाइन घेणाऱ्यांनो, सही करण्याआधी एवढंच विचारा, “बिट की बाइट?”