सोळाशे साठ किलोमीटर

आईचं माहेर सोलापूरचं. भैया चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरावरून ती शाळेत जायची. २०१९च्या ऑक्टोबरात मी ग्वांगझूच्या कँटन फेअरला निघालो, तेव्हा तिने एक कोरा सोलापुरी टॉवेल माझ्या हातात दिला. ‘कोटणीस डॉक्टरांच्या समाधीवर ठेव.’ मी हो म्हणालो.

महापुराचं वर्ष होतं. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीचं काम ऑगस्टात ठप्प झालं होतं आणि माझं सगळं लक्ष मोल्डिंग मशिनच्या भावाकडे होतं. समाधी शिजियाझुआंगला, एवढं पाहून मी नकाशा उघडला. ग्वांगझूपासून जवळजवळ सरळ उत्तरेला, हवाई अंतर साधारण १,६६० किलोमीटर, विमानाला तीनेक तास. सकाळी जायचं, टॉवेल ठेवायचा, रात्री परत. कोल्हापूरहून दिल्ली यापेक्षा तीनशे किलोमीटर जवळ आहे, तरी दिल्लीचं काम एका दिवसात उरकायचं मी कधी ठरवलं नसतं. परक्या मुलखात मात्र ठरवलं.

ते तीन तास फक्त विमानाचे होते. माझ्या डोक्यात आपला उजळाईवाडीचा विमानतळ. शाहूपुरीतून निघालं की वीस मिनिटांत पोहोचतो. ग्वांगझूचा बाययुन विमानतळ शहराच्या मध्यापासून जवळपास तीस किलोमीटर उत्तरेला, आणि मी उतरलो होतो प्रदर्शनाशेजारी, नदीच्या दक्षिणेला. तिथंच दीड तास गेला. चीनमध्ये आकाशाचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात असतो. नागरी विमानांना वाटा मोजक्याच, त्यामुळे गर्दी झाली की विमानं जमिनीवरच थांबून राहतात. आमचं दोन तास थांबलं. शिजियाझुआंगचा विमानतळही शहराबाहेर, झेंगडिंगला. टॅक्सीवाल्याला दाखवायला पत्ता चिनी लिपीत लिहून घेतला नव्हता, त्यात आणखी पाऊण तास. हुतात्म्यांच्या स्मशानभूमीशी पोहोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं.

तिथं रात्र काढली असती तर सकाळी आत जाता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दहाला मशिनवाल्यांशी बोलणी होती. मी परतीचं विमान पकडलं. टॉवेल बॅगेतच राहिला.

आणि रात्री फोनवर आईला सांगितलं, ‘ठेवला.’ वेळेचा हिशेब चुकणं मी स्वतःला माफ करू शकतो. हे नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं, ‘तिथंच त्या कॅनडाच्या डॉ. बेथ्यूनचीही समाधी आहे ना? ती पाहिलीस?’ मला पुढे खोटं बोलता येईना. सगळं खरं सांगितलं.

आईने आमच्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांचा, १९४६ साली आलेला कोटणीसांवरचा चित्रपट पाहिला होता, पुढे मिळेल ते वाचलंही होतं. युद्धात चीनच्या मदतीला निघालेले पाच भारतीय डॉक्टर, त्यांत कोटणीस, सप्टेंबर १९३८मध्ये कँटनला, म्हणजे या ग्वांगझूलाच उतरले. यानान गाठेपर्यंत फेब्रुवारी १९३९ उजाडला. बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. हे तिला तोंडपाठ होतं, मला सांगायची गरज नव्हती.

ती बराच वेळ टॉवेलाची घडी हाताने सारखी करत बसली. मग म्हणाली, ‘तुला एक रात्र राहता आलं नाही?’