उन्हाच्या बाजूने

चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने सायकलवरून घाट चढू नये, असे शास्त्रात कुठे सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. शेजाऱ्यांच्या वाचनात मात्र ते आले असावे. पहाटे मी सायकल जिन्यावरून उतरवू लागलो, की त्यांच्या नजरेत काळजीपेक्षा कीवच अधिक दिसते. त्यातून मी नाशिकचा! २०१५ साली शर्यतीत सायकलने अमेरिका आडवी पार करणारे डॉक्टर महाजन बंधू याच गावचे. तेव्हा माझी तुलना कुणाशी होते, हे सांगायला नकोच.

माझी अमेरिका सुमारे ६० किलोमीटरांवर संपते. नाशिकहून दिंडोरी, पुढे वणी, मग नांदुरी आणि तिथून सप्तशृंगीच्या गडावर जाणारा वळणावळणांचा घाट. हा रस्ता बारा महिने तिथेच असतो; पण पाहावा तो आश्विनात. पाऊस नुकताच आवरलेला, डोंगर अजून हिरवे, शेतांत झेंडू दसऱ्याच्या तयारीत आणि अठरा हातांच्या देवीच्या दर्शनाला निघालेली माणसे रस्त्याच्या कडेने अनवाणी चाललेली. मोटारवाल्याला त्यांचा अडथळा होतो. मला त्यांची सोबत होते. चढावर तर त्यांचा आणि माझा वेग जवळजवळ एकच असतो.

दिंडोरीच्या आसपास द्राक्षांच्या बागा लागतात. युरोपातल्या चित्रांत शरदातली बाग घडांनी लवलेली दिसते, कारण तिथे तो तोडणीचा हंगाम. आपल्याकडे नेमके उलटे. इथल्या उबदार हवेत वेल थंडीची झोप घेत नाही, म्हणून ती वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. भोवतीचे रान हिरवेगार आणि वेल तेवढी उघडीबोडकी! मग काही दिवसांत डोळे फुगतात, पोंगे फुटतात आणि साधारण चार महिन्यांनी द्राक्षे हाती येतात. कात्री चालत असतानाच तिला 'गोडी' हे नाव देणाऱ्या अनामिकाला मराठीचा मास्तर म्हणून माझा नमस्कार असो.

एकदा पाणी पिण्यासाठी एका बागेपाशी थांबलो होतो. आभाळ भरून आले, तसा मी म्हणालो, "बरं झालं, गारवा आला."

बागवाले वयाने वडील होते. वर पाहत म्हणाले, "तुम्हाला गार वाटतं भाऊ, आमची झोप उडते."

कोवळ्या फुटीवर किंवा फुलोऱ्यावर पाऊस पडला, हवा दमट राहिली, की पानांवर डावणी उतरते, घड कुजतात. फवारण्या वाढतात आणि त्यांबरोबर उधारीही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या अवकाळी पावसाने जिल्ह्यातल्या कितीतरी बागांची हीच दशा केली.

नांदुरीचा घाट लागला, की कोणताही सायकलवाला आस्तिक होतो. दर वळणावर देवीकडे एखादा ढग मागावासा वाटतो. पण खाली दिंडोरीत त्याच देवीकडे निरभ्र आकाश मागणारी माणसे आहेत. माझे मागणे पुरे झाले, तर मला घटकाभर गारवा मिळेल. त्यांचे राहून गेले, तर वर्षाचा संसार जाईल. म्हणून घाटात मी उन्हाच्या बाजूने असतो. टोपी खाली ओढतो, गिअर हलका करतो आणि अनवाणी माणसांबरोबर वर सरकत राहतो.

माघात दारावर द्राक्षे येतात, तेव्हा माझ्याच्याने भाव करवत नाही. आश्विनातले आभाळ आठवते आणि मी मागेल ती किंमत मोजून मोकळा होतो. पत्नी म्हणते, "तो पैसा बागवाल्यापर्यंत थोडाच पोचतो?" तिचे खरे आहे. यंदा तोडणीच्या दिवसांत सायकलला पिशवी बांधून थेट बागेतच जायचे मी ठरवले आहे. चार किलो आणीन म्हणालो.

"दोनच आणा," ती म्हणाली, "खड्ड्यांत घड चेंगरतील."