प्लावक बल, भंडारदऱ्याच्या काठी

दिवाळीच्या सुट्टीत भाड्याच्या कॅम्परव्हॅनने आम्ही चौघं भंडारदऱ्याला गेलो. प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा हा जलाशय. गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा. मुलांना याचंच अप्रूप. (घाटात भांडी किती खडखडली, ते सोडा.)

सकाळी कयाकिंग होतं. आठवीतला आमचा लेक काठावरच अडला. पुस्तकातलं प्लावक बल तोंडपाठ, पण होडीत बसायला तयार होईना. धाकटी चिडवायला लागली, तिला मी गप्प केलं. मग त्याने अंगावरचं लाइफ जॅकेट काढलं, गुडघाभर पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी खाली दाबलं. सोडलं की वर! असं आठ-दहा वेळा. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

"आई, मी बसतो. पण तू मागे बस हं."