मेव्हन आणि मेव्हणा

माझा भाचा संगणकाच्या क्षेत्रात आहे. म्हणजे नेमकं काय करतो, हे माझ्या बहिणीलाही सांगता येत नाही. "पुण्याला असतो आणि रात्री जागतो," एवढंच ती सांगते. मी पडलो बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. जमा आणि नावे यांपलीकडे जगात तिसरं काही असतं, यावर माझा विश्वास नाही.

परवा तो आमच्याकडे मुक्कामाला होता. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो, तर स्वारी लॅपटॉपपुढे.

"काय चाललंय रे?"

"मेव्हन चालवतोय, मामा."

मी दचकलो. आमच्या घरात मेव्हण्याचा विषय एवढ्या मोठ्यानं काढत नाहीत.

पण हा मेव्हन निराळा. प्रोग्रॅमचे सुटे भाग जुळवून, तपासून, गठ्ठा बांधून देणारा कारभारी. वाटेत तो 'युनिट टेस्ट' नावाच्या शेकडो बारीक तपासण्या घेतो. एक जरी नापास झाली, तरी एरवी गठ्ठा बांधत नाही. पण वेळ लागतो. म्हणून माणसं त्याला अट घालतात. 'स्किपटेस्ट्स' म्हटलं, की प्रश्नपत्रिका छापायच्या पण परीक्षा घ्यायची नाही. 'मेव्हन डॉट टेस्ट डॉट स्किप' म्हटलं, की प्रश्नपत्रिकाही छापायच्या नाहीत.

"आणि निकाल?"

"मध्ये कुठंतरी 'टेस्ट्स आर स्किप्ड' अशी एक ओळ येते. शेवटी 'बिल्ड सक्सेस'. परीक्षा घ्या नाहीतर नका घेऊ."

ते ऐकून मला माझा कॅश काउंटर आठवला. रोकड गिऱ्हाइकासमोर मोजून घ्यायची, हा नियम. पण मीही एक अट घातली होती: ओळखीचा माणूस असेल तर मोजायचं नाही. एका दिवाळीच्या आदल्या दिवशी दाराबाहेर रांग, आणि रांगेत दुकानाचा भरणा घेऊन आमचा मेव्हणा. त्याची पाचशेची बंडलं मी नुसती थोपटली आणि शिक्का मारला. बिल्ड सक्सेस!

संध्याकाळी दोन हजार कमी. चार नोटा. त्या माझ्या खिशातून गेल्या.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "माझा भाऊ असं करणार नाही. तुम्हीच दुसऱ्या कुणाला जास्त दिले असतील."

खरंच असेल. नसेलही. मी मोजलंच नव्हतं, तर सांगणार काय? दोन हजारांचं दुःख मी पचवलं. पण त्या दिवसापासून एका सरळ माणसाबद्दल माझ्या मनात जो संशय बसला, तो ना खरा ठरतो, ना खोटा. गाळलेली तपासणी पास नसते आणि नापासही नसते.

"मग तुझी अट काय रे?" मी भाच्याला विचारलं.

"घाई असेल तर माझ्या मशीनवर गाळायच्या. ऑफिसच्या सर्व्हरवर मात्र सगळ्या. आणि बाहेर जाणार तो तिथलाच गठ्ठा."

पोरगं शहाणं आहे. त्याची अट जागेवर आहे, नात्यावर नाही.

सकाळी बायकोनं दुधाचे पैसे मागितले. मी दिले. तिनं माझ्यासमोर दोनदा मोजले. तिच्याकडे कसलीच अट नाही.