केतकीची नजर

चि. मनू,



तू पाठवलेला व्हिडिओ नीट पाहिला. जाळीच्या फाटकाअलीकडे तुझी ग्रेहाउंड केतकी उभी. मान पुढे काढलेली, कान ताठ, शेपटी हलत नाही. पलीकडे सोफ्याच्या पाठीवर चिंगी मांजर निवांत अंग चाटत बसलेली. तू विचारलंस, "आत्या, ही रागावली आहे का? की हिला मैत्री करायची आहे?" खरं सांगायचं तर दोन्ही नाही. ती काम करते आहे. कित्येक पिढ्या तिच्या वंशाकडून जे काम करून घेतलं, ते करायला तिचं शरीर तयार होऊन उभं आहे. ते काम कुठून आलं, हे तुला ठाऊक असायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

ग्रेहाउंड ही नजरेवर शिकार करणारी जात. बाकीची बरीचशी कुत्री आधी वास घेतात, माग काढतात. हिचं सगळं डोळ्यांवर चालतं. समोर काही हललं की पाय निघतात. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे मान न वळवताही तिला मागचं बरंच दिसतं. चौखूर धावताना प्रत्येक झेपेत दोनदा तिचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटर हा वेग उगाच येत नाही. आपल्याकडची कारवानी याच प्रकारची. माण तालुक्यात नोकरीला असताना मी ती खूप पाहिली, धनगरांच्या वाड्यांवर आणि सशाच्या शिकारीला चटावलेल्या लोकांकडेही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद केली, तरी चोरून चालायचीच. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं, ते तुझ्या बाबांच्या संग्रहात असेल.

ससा मारायची शिकार श्रीमंतांच्या माळरानावर होती, तोवर ग्रेहाउंड मोजके होते. हजारोंनी पैदास सुरू झाली ती यंत्रामुळे. ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने रुळावरून पळणारा खोटा ससा तयार केला आणि 1919 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीविलला त्यावर शर्यतींचं मैदान उघडलं. खऱ्या सशाचे हाल त्याला बघवत नव्हते, असं सांगतात. हेतू चांगलाच असेल. पण परिणाम असा झाला की शिकार शहरात आली, रात्री दिव्यांच्या उजेडात आली आणि तिच्यावर पैसे लावता येऊ लागले. 1926 मध्ये मँचेस्टर, 1927 मध्ये सिडनी. गिरणीतून सुटलेला कामगार संध्याकाळी तिकडे जायचा, कारण घोड्यांच्या शर्यती दिवसा आणि लांब असायच्या. शर्यत केवढी? पाचशे मीटर, अर्ध्या मिनिटाची. त्या अर्ध्या मिनिटासाठी एक जात कारखान्यातल्या मालासारखी निपजवली गेली.

केतकी त्या मालातली आहे. तिच्या कानात गोंदलेली अक्षरं पाहिलीस ना? ती तिची पहिली ओळख. असल्या कुत्र्याचं बालपण आपल्यासारख्यांच्या घरात जात नाही. पिल्लं भावंडांबरोबर मोकळ्या वाड्यात वाढतात, वर्षाची झाली की खोट्या सशामागे धावायला शिकवतात, दीड वर्षाच्या सुमाराला मैदानावर उतरवतात. राहणं केनेलच्या कोठडीत. उठणं, खाणं, बाहेर जाणं ठरल्या वेळी. जिना चढणं तिच्या वाट्याला आलेलं नाही. काचेचं दार, गुळगुळीत फरशी, मिक्सरचा आवाज, आरसा यांतलं काही नाही. म्हणून ती तुझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थिजून उभी राहते. तिला ओढू नकोस. एकेक पाय उचलून पायरीवर ठेवून दाखव, शिकेल.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तिने आयुष्यभर फक्त ग्रेहाउंडच पाहिलेत. शेजारणीचं ते पांढरं केसाळ, आखूड पायांचं कुत्रं बघून ती गोंधळली, असं तू लिहिलंस. ते कुत्रंच आहे, हे तिला कळायला वेळ लागणार. तोवर ते तिच्या लेखी जमिनीलगत पळणारी एक केसाळ वस्तू आहे.

आता जरा कडू भाग. लिहू की नको असं वाटलं, पण तू आता ऑस्ट्रेलियाची नागरिक आहेस आणि ही तिथली गोष्ट आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये एबीसी वाहिनीच्या 'फोर कॉर्नर्स' कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं दाखवली. काही प्रशिक्षक खोट्या सशाच्या जागी जिवंत ससे, पोसम, डुकराची पिल्लं बांधून कुत्र्यांना चटक लावत होते. तुमच्या व्हिक्टोरियातही हे सापडलं. न्यू साउथ वेल्समध्ये निवृत्त न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांची चौकशी बसली. 2016 च्या त्यांच्या अहवालात आलं की आधीच्या बारा वर्षांत त्या एका राज्यात किमान 48 हजार, कदाचित 68 हजारांपर्यंत कुत्री मारली गेली. गुन्हा एवढाच की ती पुरेशी वेगाने पळत नव्हती. सरकारने शर्यतींवर बंदी जाहीर केली आणि थोड्याच महिन्यांत मागे घेतली. कॅनबेराकडे 2018 पासून बंदी आहे. न्यूझीलंडने डिसेंबर 2024 मध्ये शर्यती बंद करण्याचं जाहीर केलं. व्हिक्टोरियात अजून चालतात. माझं मत विचारशील, तर ज्या खेळात हरलेल्या प्राण्याला जागा उरत नाही, तो खेळ थांबायला हवा. त्यावर पोट असणारी माणसं आहेत, त्यांच्या पोटाची व्यवस्था सरकारने करावी. पण कुत्र्याच्या जिवावर नको.

धावणं संपतं तेव्हा कुत्रं जेमतेम चार-पाच वर्षांचं असतं, आणि आयुष्य बारा-तेरा वर्षांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त जन्म पुढेच पडलेला. तो आता तुझ्या घरी जाणार आहे.

जिवंत प्राणी बांधून हिला शिकवलं असेल का, हे तुला कधीच कळणार नाही, आणि ते शोधत बसू नकोस. ज्या संस्थेकडून आणलीस त्यांनी मांजरासमोर तिची परीक्षा घेतली आणि ती पास झाली, हे चांगलंच. पण त्या परीक्षेचा अर्थ नीट समजून घे. एका अनोळखी खोलीत, पट्ट्याला बांधलेली असताना, शांत बसलेल्या मांजरावर ती तुटून पडली नाही, एवढाच तो अर्थ. तुझ्या घरात, चिंगी दचकून पळाली तर काय होईल, ते त्यात आलं नाही.

आमच्याकडे दवाखान्याच्या आवारात कोणी तरी बांधून गेलेली एक कारवानी कुत्री बरीच वर्षं राहिली, तुझ्या बाबांना आठवत असेल. घरातली बोकी आणि ती एकाच गोणपाटावर झोपायच्या. एकदा तिन्हीसांजेला मी तिला दोरीने धरून बांधावरून येत होते, आणि तीच बोकी पुढून सुसाट आडवी गेली. कुत्रीने अशी झेप घेतली की माझ्या तळहाताची साल निघाली. दोरी सुटली नाही. पाचव्या मिनिटाला ओसरीवर दोघी पुन्हा शेजारी. तिच्या लेखी ओसरीवरची बोकी आणि बांधावर पळणारी बोकी हे दोन वेगळे जीव होते. पहिली घरातली. दुसरी फक्त हालचाल.

म्हणून केतकी आणि चिंगी घरात कितीही रमल्या, तरी अंगणात दोघींना एकत्र मोकळं सोडायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

घरात मात्र सगळं शक्य आहे, फक्त घाई नको. आत्ता जे करते आहेस ते बरोबर आहे. मधे फाटक, आणि दोघींची अंथरुणं अधूनमधून अदलाबदल करायची, म्हणजे वास ओळखीचा होतो. समोरासमोर आणताना केतकीच्या तोंडाला मुसकी आणि गळ्यात पट्टा, दोन्ही हवं. तुझ्या आईला मुसकी बघवत नाही, असं ती मला फोनवर म्हणाली. तिला सांग, जाळीच्या मुसकीतून कुत्र्याला पाणी पिता येतं, धापा टाकता येतात, आणि ग्रेहाउंडला तर तिची लहानपणापासून सवय असते. तुमच्याकडे 1 जानेवारी 2019 पासून पाळलेल्या ग्रेहाउंडला रस्त्यावर मुसकीची सक्ती राहिली नाही, पट्टा मात्र लागतोच. रस्त्यावर घालायची की नाही ते तू ठरव. घरात, या सुरुवातीच्या आठवड्यांत, घालायचीच.

चिंगीला उचलून तिच्यासमोर धरू नकोस. हातातलं मांजर घाबरलं की नखं तुलाच लागतील, आणि पळता न येणारं मांजर कुत्र्याला जास्त खुणावतं. चिंगीला उंचावर जायची वाट हवी आणि निसटायला एक खोली हवी, जिथे केतकी जाऊच शकत नाही. केतकीने चिंगीवरून नजर काढून तुझ्याकडे पाहिलं की लगेच शाबासकी आणि खाऊ. तो क्षण फार मोलाचा आहे. नजर वळवणं तिच्यासाठी किती अवघड आहे, ते आता तुला कळलं असेल. नजर वळतच नसेल, अंग थरथरत असेल, तोंडातून बारीक रडल्यासारखा आवाज येत असेल, तर त्या दिवशी थांब आणि दार लाव. ओरडू मात्र नकोस. मांजर दिसलं की ओरडा बसतो, असं ती शिकेल, आणि ते दोघींनाही महागात पडेल.

आणि तू घरी नसताना दोघी वेगळ्या खोल्यांत, दार लावून. सहा महिन्यांनी सगळं सुरळीत झालं तरीही. लोक म्हणतील, एवढा अविश्वास? मला यात अविश्वास दिसत नाही. तिच्या रक्तातल्या गोष्टीशी तिला रोज एकटीने झुंजायला लावायचं, आणि हरली तर तिलाच वाईट ठरवायचं, हे मला क्रूर वाटतं. लावलेलं दार तिला त्या झुंजीतून सोडवतं.

तुझ्या चिरंजीवांना वाढदिवसाला गिनीपिग हवं आहे, असं कळलं. नको. मांजर पंजा मारतं, फिस्कारतं, उंचावर चढतं. गिनीपिगकडे यातलं काही नाही. पिंजऱ्यात ठेवलं तरी बाहेर दिवसभर टक लावून बसलेली केतकी त्याला दिसत राहणार, आणि ते बिचारं भीतीनेच अर्धमेलं होईल. मुलाला हे मोकळेपणाने सांग, मुलांना कारण पटतं. आणि केतकी झोपलेली असताना तिच्या गळ्यात पडू नको, हेही सांग. पुष्कळ ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात. कोठडीत एकटं झोपायची सवय, त्यामुळे कोणी अचानक अंगावर आलं तर दचकून दात लागू शकतो. आधी लांबून नाव घ्यायचं, ती हलली की मग जवळ जायचं. तिचं अंथरूण तिचंच. चिंगीही तिथे चढता कामा नये, निदान या वर्षी तरी.

दाताच्या कामासाठी तिला भूल द्यावी लागेल, असं लिहिलंस. घाबरू नकोस, पण डॉक्टरांना ग्रेहाउंड आहे हे तोंडाने सांग, कागदावर लिहिलेलं असलं तरी. यांच्या अंगात चरबी फार थोडी, आणि थायोपेंटलसारखी काही जुनी भुलीची औषधं यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. आता दुसरी सुरक्षित औषधं आहेत. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट कमी आणि थायरॉइडचं प्रमाण कमी येईल. ग्रेहाउंडसाठी ते बहुधा नेहमीचंच असतं. त्या एका आकड्यावरून कोणी थायरॉइडच्या गोळ्या सुरू करू म्हणालं, तर आधी मला कळव. कातडी पातळ असते, कुंपणाच्या तारेने टरकन फाटते, तेव्हा मागच्या अंगणातली ती गंजकी जाळी काढून टाक. गळपट्टा रुंद, ओढला की आवळणारा पण गळफास न बसणारा घे. यांची मान डोक्याएवढीच असते, साध्या पट्ट्यातून डोकं सहज निसटतं, आणि निसटलेलं ग्रेहाउंड हाकेला थांबत नाही.

चिंगीच्या जेवणाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ती ओट्यावर जेवते की खाली? खाली जेवत असेल तर आजपासूनच ताटली वर ने. केतकीची मान सहज ओट्यापर्यंत पोचते, तेव्हा ओटाही पुरणार नाही, कपाटाच्या वरची फळी बघ. तिथे चिंगीला चढता येतं का, ते पाहून मला कळव.

तुझी,
आत्या