मावशीने ग्रुप सोडला

सकाळी चहाचं आधण ठेवून मी फोन हातात घेतला, तेव्हा पडद्याच्या मधोमध बारीक अक्षरांतली ती ओळ दिसली. मावशीने ग्रुप सोडला होता. आमच्या घराण्याचा तो ग्रुप, एकतीस माणसं. श्रीरामपूर, संगमनेर, नगर, पुणे असे सगळे पांगलेले, आणि शिक्षकाच्या नोकरीसाठी येवल्यात येऊन इथलाच झालेला मी. आईचं माहेर कॅथलिक, वडिलांकडचे आम्ही प्रोटेस्टंट. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांना यात नवल वाटत नाही. एका ओसरीवर जपमाळ चालते, दुसऱ्या ओसरीवर ‘उपासना संगीत’ उघडतं, आणि नाताळचा फराळ दोन्हीकडून येतो.

दोनच दिवसांपूर्वी मावशीने हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचे फोटो टाकले होते. आठ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन. त्याच्या आगेमागे ही यात्रा भरते, आणि गुडघे कितीही दुखत असले तरी मावशी ती चुकवत नाही. फोटोखाली माझ्या भाच्याने लिहिलं, ‘हे बायबलमध्ये कुठं आहे?’ तो दोन वर्षांपासून एका नव्या मंडळीत जातो. प्रश्न तेवढ्यावर राहिला असता तर बरं झालं असतं. रात्री दहाला मी चौदा ओळी लिहिल्या. निर्गमाचा विसावा अध्याय, दहा आज्ञा, कोरीव मूर्ती, सगळं क्रमाने मांडलं, आणि शेवटी लिहिलं की ही मूर्तिपूजाच आहे, दुसरं काही नाही. लिहिताना मला मनापासून वाटत होतं की मी सत्याची बाजू घेतोय. हे वाचणारं माणूस कोण आहे, ते एकदाही डोळ्यांपुढे आलं नाही.

फोन केला तर तिने उचलला नाही. शनिवारी कोपरगावमार्गे श्रीरामपूरची एसटी धरली.

मावशीने दार उघडलं, ‘जय ख्रिस्त’ म्हणाली, पाणी दिलं, चहा टाकला. विषय काही काढेना. शेवटी मीच म्हणालो, ‘मावशी, माझं चुकलं. सगळ्यांसमोर असं लिहायला नको होतं.’

‘सगळ्यांसमोर लिहिलंस त्याचं मला फार नाही,’ ती म्हणाली. ‘मी काय करते ते तू मला सांगितलंस. विचारलं नाहीस.’

मग तिने उशीखालची जपमाळ काढून माझ्या तळहातावर ठेवली. काळ्या लाकडी मण्यांची. वर्षानुवर्षं बोटं फिरून मण्यांचा काळा रंग उडाला होता आणि आतलं पिवळट लाकूड दिसत होतं. क्रूसावरच्या येशूचा चेहरा इतका झिजलेला की नाक-डोळे ओळखू येत नव्हते. ‘एकेका मण्याला मी काय म्हणते, माहीत आहे तुला?’ मला माहीत नव्हतं. लहानपणापासून ज्या घरात माझं येणंजाणं, त्या घरातली प्रार्थना मी कधी पुरती ऐकली नव्हती. तिने सावकाश म्हणून दाखवली. पहिला अर्धा भाग शुभवर्तमानातलाच निघाला. देवदूताने आणि अलीशिबेने मारियेला केलेलं अभिवादन, लूकचा पहिला अध्याय. उरलेल्या अर्ध्यात मागणं एकच होतं, आमच्यासाठी देवाकडे विनंती कर.

‘तुझ्या अँजिओप्लास्टीच्या आदल्या रात्री नाशिकहून मला फोन केला होतास,’ मावशी म्हणाली. ‘काय म्हणाला होतास?’

‘माझ्यासाठी प्रार्थना कर, म्हणालो होतो.’

‘मग त्या रात्री तू मला देव केलंस का?’

मी गप्प बसलो. त्या रात्री तिने हीच माळ हातात धरली असणार.

नंतर मी मुद्दाम वाचलं. ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या परिषदेत चर्चने हा फरक शब्दांत बांधून ठेवला आहे. पूजा एकट्या देवाची. प्रतिमेला वंदन, आणि तेही जिची प्रतिमा त्या व्यक्तीला पोचतं. म्हणजे जो प्रश्न मी नवा म्हणून मावशीच्या तोंडावर टाकला, त्यावर बाराशे वर्षांपूर्वी माणसांनी जीव तोडून वाद घातला होता. ते पटलं नाही तर पटलं नाही, पण माहीत तरी असायला हवं होतं.

मला ते सगळं पटलेलं नाहीच. मृत संतांकडे मागणं मागू नये, ख्रिस्ताशी थेट बोलावं, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे, आणि मावशीच्या समोर बसून मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. माफी मागायला आलो म्हणून श्रद्धा गुंडाळून ठेवली असती तर तो तिचाही अपमान झाला असता. ती म्हणाली, ‘ते ठीक आहे. आम्ही हे करत नाही, आणि का करत नाही, असं लिही की. मी वाचीन.’ निघताना तिने डब्यात शेंगदाण्याचे लाडू दिले. ग्रुपवर परत यायला तिने आणखी महिना घेतला.

येवल्यात आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा आवाज असतो. शेजारचे काका चाळीस वर्षं पैठणी विणताहेत. खड्ड्यात पाय सोडून बसतात, पदरावरचा मोर भरताना रंगारंगाच्या लहान कांड्या एकेक करून फिरवतात, आणि हात चालू असतानाच प्रश्न विचारतात. एकदा विचारलं, ‘सर, तुमचे देव तीन का एक?’

मी शिक्षक, उदाहरणाशिवाय बोलणं जमत नाही. म्हणालो, ‘काका, हे बघा, ताणा, बाणा आणि जर. तीन, पण लुगडं एकच.’

काकांनी धोटा थांबवला. ‘सर, जर काढून घेतली तरी लुगडं राहतंच की. तिसरा नसला तरी चालतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?’

मला तसं अजिबात म्हणायचं नव्हतं. मी दुसरं उदाहरण दिलं, पाणी, बर्फ आणि वाफ. ते काकांना आवडलं. पण रविवारी मनमाडला उपासनेनंतर पाळकसाहेबांना सांगितलं, तर त्यांनी मान हलवली. हे तर सबेलियसचं शिक्षण, म्हणाले, तिसऱ्या शतकातलं. एकच देव वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी रूपं घेतो, असं तो शिकवायचा आणि चर्चने ते नाकारलं. यार्देनेत बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा होता, आत्मा कबुतरासारखा उतरत होता आणि पित्याची वाणी वरून येत होती. तिघं एकाच वेळी. तेच पाणी त्याच क्षणी बर्फ आणि वाफ कसं असेल?

दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल बोलताना चूक होते, हे मला मावशीकडे कळलं होतं. स्वतःच्या श्रद्धेबद्दलही मी इतकं सैल बोलतो, हे मागाशेजारी कळलं. मी काकांकडे परत गेलो आणि म्हणालो, ‘काका, माझी दोन्ही उदाहरणं चुकीची होती. आम्ही मानतो ते एवढंच. देव एक. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघंही पूर्ण देव, आणि पिता म्हणजे पुत्र नव्हे. ३२५ साली नायसियाला आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला आमच्या पूर्वसूरींनी यासाठी शब्द शोधले. ते शब्द मी सांगू शकतो. चित्र काढून दाखवता येत नाही.’

‘म्हणजे आपल्या दत्तासारखं?’

जिभेवर उत्तर तयार होतं, छे, ते वेगळं. मावशीचं वाक्य आठवलं आणि मी विचारलं, ‘काका, तुमच्यासाठी दत्त म्हणजे काय?’ मग अर्धा तास काका बोलले. अत्री-अनसूया, वडिलांनी केलेली गुरुचरित्राची पारायणं, गिरनारच्या पायऱ्या चढताना रात्री लागलेली थंडी. बोलता बोलता माग पूर्ण थांबला होता. शेवटी स्वतःच म्हणाले, ‘नाही सर, तुमचं आणि आमचं हे वेगळं दिसतंय.’ त्या दिवसापासून माझं बायबल ते माझ्या हातून घेतात तेव्हा आधी हात पुसतात. मला त्यांच्या पोथीला हात लावायची वेळ आली तर मीही तेच करीन.

या गावात धर्मावर बोलणं हलकं असूच शकत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथं. त्या जागी, मुक्तिभूमीवर, दर वर्षी त्या दिवशी लोक येतात, त्यांत आमचे नातेवाईकही असतात. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या चुलतभावाचं घर १९५६ नंतर बौद्ध झालं. एकाच वाड्यातली माणसं. नोकरीत असताना एक बौद्ध सहकारी मला म्हणाले होते, ‘तुम्ही लोक गव्हासाठी अन् दूधपावडरीसाठी ख्रिस्ती झालात.’ ते फार लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत मिशनने लोकांना जगवलं आणि त्या वर्षांत नगर भागात बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. मी त्यांना म्हणालो, ‘धान्य मिळालं हे खरं. पण आजोबा वारले तेव्हा घरात धान्य भरपूर होतं, आणि तेव्हा त्यांनी कोणाचं नाव घेतलं ते मला विचारा.’ त्यांनी विचारलं. मग मीही विचारलं, बाबासाहेबांनी येवल्यानंतर एकवीस वर्षं कशात घालवली? ते शोधण्यात, वाचण्यात, पारखण्यात, असं ते सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो. पुढे ते ईयोबाचं पुस्तक वाचायला घेऊन गेले. धर्म का घेतला असेल याचा तर्क करत बसलं की माणूस काय मानतो हे ऐकायचंच राहतं. हे मी तेव्हा त्यांना समजावून सांगितलं होतं, आणि तरी मावशीच्या बाबतीत विसरलो.

विष्णुबुवा ब्रह्मचारी आठवतात. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंगीवर तप केलेला हा माणूस १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्या-आठवड्याला जाहीर वाद घालत होता, जानेवारीपासून मेपर्यंत. दोन्हीकडचे शब्द मऊ नव्हते. पण समोरच्याचं पुरतं ऐकून मगच उत्तर द्यावं लागे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वाळूत त्याच माणसाचं तोंड पाहायचं होतं. रात्री दहाला अंगठ्याने चौदा ओळी लिहिणाऱ्याला हे दोन्ही जाच नसतात. म्हणून मी आता कोणाला खोडायचं असेल तर ग्रुपवर लिहीत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम सांगितलाच आहे. आधी एकट्याला गाठ, मग एक-दोघांना घेऊन जा, मंडळी शेवटी. इतकी वर्षं ते वाचत होतो आणि माझा क्रम उलटा होता.

पहिली कसोटी भाच्याने लावली. फेब्रुवारीत त्याचा फोन आला, ‘मामा, मी पुन्हा बाप्तिस्मा घेणार आहे. कोपरगावला, गोदावरीत.’ त्याचा बाळपणीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो माझ्या हातांवर होता. पोटात कालवलं. पण म्हणालो, ‘तुझं म्हणणं आधी मला नीट सांग, मी लिहून घेतो.’ त्याने सांगितलं. बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्याने घ्यायचा, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातल्या षंढासारखा, स्वतः मागून, पाण्यात उतरून. बाळाला विश्वास ठेवता येत नाही, म्हणून त्याचा तो बाप्तिस्माच नव्हे. मी ते त्याला वाचून दाखवलं. ‘हेच ना?’ ‘हो मामा, हेच.’ मग मी माझं सांगितलं. सोळाव्या अध्यायात तुरुंगाच्या नायकाचा सगळ्या घराण्यासह बाप्तिस्मा झाला. देवाची कृपा आपल्या समजुतीची वाट पाहत नाही. आणि बाप्तिस्मा एकदाच.

त्याला मी नागपूरचंही सांगितलं. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथं सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आमचं चर्च. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त मोठ्यांना देणारे बॅप्टिस्ट, ब्रदरनही होते. चाळीसएक वर्षं बोलणी चालली. कोणी कोणाला खोटं ठरवलं नाही, दोन्ही रीती एका छताखाली ठेवल्या. भाचा म्हणाला, ‘मला हे माहीत नव्हतं.’ निर्णय मात्र त्याने बदलला नाही. थोडं थांबून म्हणाला, ‘मामा, येशील का?’

दोन रात्री विचार केला. मग त्याला सांगितलं, ‘येईन. पण माझ्या लेखी तुझा बाप्तिस्मा बाळपणीच झालाय, हे लक्षात ठेवून ये म्हण.’ तो म्हणाला, ‘ते ठेवूनच ये.’

कोपरगावला घाटावर वीस-पंचवीस माणसं होती. त्याच्या पाळकांनी त्याला पाण्यात बुडवून वर काढलं, तेव्हा तो धाप लागून हसत होता. मी काठावर टॉवेल घेऊन उभा होतो. तो कुडकुडत पायऱ्या चढून आला, टॉवेल खांद्यावर घेतला आणि मावशीबद्दल विचारलं, ‘आजीला दिसेल असा फोटो टाकू का ग्रुपवर?’

‘आधी तिला विचार,’ मी म्हणालो.

त्याने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून मावशीचा आवाज आला, ‘टाक बाळा. पण आधी अंग पूस, नदीला गार वारं असतं.’