अर्धी जुगलबंदी

'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' हा ध्वनिमुद्रणसंग्रह आम्ही दोघांनी पहिली काही वर्षे अर्धा अर्धाच ऐकला. वसतिगृहाच्या खोलीत वॉकमन एक, इअरफोनची जोडीही एक. डावा एकाच्या कानात, उजवा दुसऱ्याच्या. पाको दे लुसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि अल डि मिओला यांनी हे गिटारवादन ५ डिसेंबर १९८० रोजी वॉरफील्ड थिएटरात केले. ध्वनिमिश्रणात पाको डावीकडे, मॅक्लॉफ्लिन मध्ये आणि डि मिओला उजवीकडे आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. थोर कोण, यावर रात्र रात्र भांडणारे आम्ही प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या मैफली ऐकत होतो.

पहिल्याच रचनेत हे सर्वाधिक जाणवते. डि मिओलाची 'मेडिटरेनियन सनडान्स' आणि पाकोची 'रिओ आंचो' यांची ती गुंफण; मॅक्लॉफ्लिन तीत नाहीच. (त्रयीचा म्हणून गाजलेल्या या संग्रहातल्या पहिल्या तिन्ही रचना दोघादोघांच्याच आहेत, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. शेवटची 'गार्डियन एंजल' तर स्टुडिओतली. तिच्याविषयी फारसे बोलण्यासारखे नाही.) उजवीकडे पोलादी तारा आणि प्लेक्ट्रम, तळहाताने दाबलेले, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे सूर. डावीकडे नायलॉनच्या तारा आणि नुसती बोटे. श्रोते आरोळ्या ठोकतात त्या वेगाला, आणि आम्हीही वेगालाच भुललो होतो. उजव्या कानाच्या गड्याचा आक्षेप एकच: तुझा पाको अर्धा वेळ नुसता झणझण करत बसतो!

ती झणझण म्हणजे संगत होती. फ्लामेंकोत गिटार मुळात गायकाच्या आणि नर्तकाच्या पाठीशी उभी असते. पाकोने स्वतः कामारोन दे ला इस्ला या गायकाला वर्षानुवर्षे साथ केली. दुसरा तानांमागून ताना घेत असता आपण जागा सोडायची, पण लय सोडायची नाही, ही त्याच्या हाताची जुनी सवय. तबलजीच्या एकल वादनाला लेहरा धरणाऱ्याकडे आपण तरी किती लक्ष देतो?

२५ फेब्रुवारी २०१४ रोजी पाको गेला. तोवर आम्ही दोन वेगळ्या शहरांत होतो आणि आमच्यात बोलणेही उरले नव्हते. कारण संगीताचे नव्हते. त्या आठवड्यात उजव्या कानाच्या गड्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही. ''आज फक्त डावा लावलाय,'' म्हणाला. मग आम्ही दोघांनीही तीच रचना, फोन तसाच ठेवून, फक्त डाव्या कानाने पुन्हा पहिल्यापासून ऐकली.